माल्डी इमेजिंग: ५ मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये पेशीतले लिपिड खरंच दिसतात का?

पेशीवाला
सूक्ष्मदर्शकवाल्या माणसाचा मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांना प्रश्न आहे. उंदराच्या लहान मेंदूत कोणत्या थरात कोणते फॉस्फोलिपिड आणि सल्फाटाइड आहेत याचा नकाशा काढायचा आहे. ते जमलं तर पुढे काचेवर वाढवलेल्या पेशींचा, एकेका पेशीचा.

आमच्या नेहमीच्या हत्यारांनी हे होत नाही. लिपिडला धरणाऱ्या चांगल्या अँटिबॉडी मोजक्याच. ऑइल रेड ओ सारखा रंग 'इथे मेद आहे' एवढंच सांगतो, कोणता ते नाही. फ्लुरोसंट शेपूट जोडलेलं लिपिड मूळ लिपिडासारखं वागेलच याची खात्री नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगला लेबल लागत नाही आणि एकाच फेरीत शेकडो लिपिड मिळतात, म्हणून हा मार्ग. त्यातही माल्डी: छेदावर मॅट्रिक्स नावाच्या रसायनाचा थर द्यायचा, ठिपक्या-ठिपक्याने लेसर मारून रेणूंचे आयन उडवायचे आणि त्यांचं वस्तुमान मोजायचं.

यंत्र ५ मायक्रॉनचा पिक्सेल देतं. पर्किंजे पेशीचं अंग २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका पेशीवर डझनभर पिक्सेल बसायला हवेत. हा हिशेब बरोबर आहे का? नमुना कसा तयार करायचा? आणि चित्रात जे दिसेल त्यावर किती विश्वास ठेवायचा?

खडूस_क्ष
हिशेब कागदावर बरोबर आहे. ५ मायक्रॉन म्हणजे लेसरखालची काच दर वेळी किती सरकते तो आकडा. खरं रेझोल्यूशन चार गोष्टींतली सर्वांत वाईट गोष्ट ठरवते: सरकण्याचा टप्पा, लेसरच्या ठिपक्याचा व्यास, मॅट्रिक्सच्या स्फटिकाचा आकार आणि मॅट्रिक्स घालताना लिपिड बाजूला किती वाहिलं. टप्पा ५, ठिपका ८ आणि स्फटिक १५ मायक्रॉनचे असतील तर तुमचं चित्र १५ चं आहे, पिक्सेल कितीही बारीक दिसोत.

शिवाय जाडी. पर्किंजे पेशी मोठ्या आहेत, ठीक. शेजारच्या थरातल्या ग्रॅन्यूल पेशी ५-७ मायक्रॉनच्या आणि दाटीवाटीने बसलेल्या. १० मायक्रॉन जाडीच्या छेदात त्या एकावर एक येतात. तिथे 'एका पेशीचा पिक्सेल' अशी वस्तूच नसते. थरांचा नकाशा मिळेल, पेशींचा नाही.

मेदवृद्धी
आयडी बघून कळलंच असेल की हा धागा माझ्यासाठीच आहे. वाचतेय.

गोठणबिंदू
नमुन्याबद्दल सविस्तर लिहितो. निम्मे नकाशे यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेले असतात.

वेळ: प्राण गेल्यावर फॉस्फोलायपेज थांबत नाहीत. काही मिनिटांतच मेंदूत मुक्त ॲराकिडोनिक आम्ल, डायग्लिसराइड आणि लायसो-लिपिड वाढायला लागतात. तेव्हा मेंदू काढून गोठवेपर्यंतचा वेळ सगळ्या प्राण्यांत सारखा ठेवा. एका गटाला दोन मिनिटं आणि दुसऱ्याला सहा लागली तर फरक दिसेलच, पण तो तुमच्या हातांचा असेल.

गोठवणं: मेंदू सरळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवू नका. भोवती वायूचं आवरण तयार होतं, गोठणं असमान होतं आणि अवयव तडकतो. ॲल्युमिनियम फॉइलची होडी करून द्रव नायट्रोजनवर तरंगत ठेवा, किंवा कोरड्या बर्फाने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये धरा. नंतर −८० ला, हवा न लागेल असं बंद करून.

छेद: क्रायोस्टॅट −१८ ते −२० अंश, जाडी १० ते १२ मायक्रॉन. नुसत्या मेदाच्या ऊतीला आणखी थंड लागतं, नाहीतर ती पात्याला फासली जाते. छेद आयटीओचा (वीजवाहक इंडियम टिन ऑक्साइडचा) लेप असलेल्या काचेवर घ्या. लेपाची बाजू कोणती हे मल्टिमीटरने तपासा: लेपाकडे ओहममध्ये आकडा येतो, साध्या काचेकडे काहीच येत नाही. उलट्या बाजूवर छेद घेतला की टॉफ यंत्रात (आयन उडत जायला किती वेळ लागतो त्यावरून वस्तुमान मोजणाऱ्या) पृष्ठभागावर विद्युतभार साठतो आणि वस्तुमानं सरकतात.

मग निर्वात डेसिकेटरमध्ये अर्धा तास. साठवलेली काच −८० हून काढली तर डबी डेसिकेटरमध्येच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा. थंड काचेवर दव धरलं की क्षार आणि लहान रेणू वाहतात, नकाशा संपला.

पेशीवाला
@गोठणबिंदू फारच उपयोगी. दोन उपप्रश्न. आमच्याकडे ओसीटीत (गोठवताना ऊतीला आधार देणाऱ्या गोंदासारख्या द्रवात) बसवलेले गोठवलेले ठोकळे तयार आहेत, शिवाय फॉर्मलिन-पॅराफिनचेही. ते चालतील?

गोठणबिंदू
पॅराफिन विसरा. पॅराफिन चढवताना अल्कोहोल आणि झायलीन वापरतात, म्हणजे तुम्हाला हवी ती गोष्टच आधी विरघळवून टाकतात. जे उरतं ते प्रथिनांना अडकलेलं थोडंसं. त्यात फॉर्मलिन पीई आणि पीएसच्या (फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन आणि फॉस्फॅटिडिलसेरीन, दोन्ही फॉस्फोलिपिडच) अमिनो गटाशी अभिक्रिया करतं, त्यामुळे त्यांची शिखरं १२ डाल्टनने सरकलेली दिसू शकतात.

ओसीटीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिएथिलिन ग्लायकॉल असतं. स्पेक्ट्रममध्ये ४४.०२६ च्या अंतराने शिखरांची रांग उभी दिसली की समजा पीईजी आलं. ते लिपिडचे आयन दाबतं. पातं एकदा ओसीटीतून गेलं की प्रत्येक छेदावर फराटा. नवे मेंदू घ्या आणि खालून फक्त पाण्याच्या थेंबाने चकतीला चिकटवा. आधार लागलाच तर २ ते ५% कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा जिलेटिन.

मेदवृद्धी
म्हणजे कपाटभर ठोकळे आणि नकाशाला एकही नाही. संशोधन योग्य दिशेने चालू आहे.

दुपारचा_चहा
मॅट्रिक्सबद्दल माझ्याकडून.

पॉझिटिव्ह मोडला (धन आयन मोजताना) डीएचबी, म्हणजे डायहायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल: पीसी (फॉस्फॅटिडिलकोलीन) आणि स्फिंगोमायलिन छान येतात. नेगेटिव्हला ९-अमिनोॲक्रिडीन किंवा डॅन, म्हणजे १,५-डायअमिनोनॅप्थॅलीन: पीआय (फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल), पीएस, पीई, सल्फाटाइड. डॅन आणि नॉरहार्मेन दोन्ही मोडमध्ये चालतात. डॅन कर्करोगजनक असल्याचा संशय आहे, म्हणून वजन फ्यूम हूडमध्येच करा. द्रावण त्याच दिवशी बनवा, ठेवलं की काळवंडतं. डीएचएपी सुरेख बारीक बसतं, पण जास्त निर्वातात काही तासांत उडून जातं. रात्रभराच्या फेरीत चित्राचा खालचा भाग फिका पडला तर दोष मेंदूचा नाही.

फवारणीत नवखे लोक 'किती फेऱ्या' एवढंच विचारतात. महत्त्वाची आहे ती घनता:

घनता = (फेऱ्या × सांद्रता × प्रवाह) ÷ (नोझलचा वेग × ओळींमधलं अंतर)

उदाहरण: ८ फेऱ्या, ३० मिग्रॅ/मिली डीएचबी, ०.१ मिली/मिनिट, वेग १२०० मिमी/मिनिट, अंतर ३ मिमी. २४ भागिले ३६०० म्हणजे ०.००६७ मिग्रॅ, अर्थात ६.७ मायक्रोग्रॅम प्रति चौरस मिमी. हा आकडा वहीत लिहा. दुसऱ्या फवारणी यंत्रावर गेलात तरी घनता तीच ठेवता येते. नोझल ७५ अंशांच्या आसपास, द्रावक ७० टक्के मिथेनॉल. दर फेरीत ओळी अर्ध्या अंतराने सरकवा किंवा दिशा ९० अंशांत बदला, नाहीतर चित्रात पट्टे येतात आणि कुणीतरी त्यांना थर समजतं.

फवारा ओला झाला तर लिपिड भरपूर निघतं, पण वाहतं आणि स्फटिक मोठे होतात. फार कोरडा झाला तर स्फटिक सुंदर, सिग्नल गरीब. या दोघांमधली जागा प्रत्येक यंत्रावर शोधावी लागते.

अनामिक_आयन
@दुपारचा_चहा ५-१० मायक्रॉनसाठी फवारणी कशाला? संप्लवन करा. ०.०५ टॉरच्या आसपास निर्वात, तळ १२० ते १४० अंश, वरच्या थंड बोटाला काच उलटी चिकटवलेली, काही मिनिटं. द्रावकच नाही म्हणजे वाहणं नाही, आणि स्फटिक एक-दोन मायक्रॉनचे. लिपिडला तर हाच मार्ग.

घनता इथेही मोजता येते: काचेचं वजन आधी आणि नंतर. ७५ × २५ मिमीची काच म्हणजे १८७५ चौरस मिमी. ९ मिग्रॅ वाढलं तर ४.८ मायक्रोग्रॅम प्रति चौरस मिमी.

दुपारचा_चहा
वाहत नाही हे मान्य. पण निघतही कमी. संप्लवनानंतर बऱ्याचदा बंद डबीत दमट वाफेखाली पुन्हा स्फटिकीभवन करतात. मग द्रावक मागच्या दाराने आलाच की.

आणि काच थंड बोटाला नीट टेकली नाही तर एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात पातळ थर. फवारणीत निदान फेऱ्या मोजता येतात.

खडूस_क्ष
दोघंही बरोबर आहात, भांडण पिक्सेलच्या आकारावर सोडा. २० मायक्रॉन आणि वर: फवारणी. १० आणि खाली: संप्लवन, किंवा फार कोरडी फवारणी. कोणतीही पद्धत घ्या, छेदाच्या कडेबाहेरचे निदान दहा-पंधरा पिक्सेल चित्रात घ्याच. एम/झेड (वस्तुमान भागिले भार) ७६०.५८५ हे पीसीचं शिखर ऊतीबाहेर सांडलेलं दिसलं तर तुमचं लिपिड वाहिलं आहे. याच्याइतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही आणि प्रकाशित चित्रांत लोक नेमकी तीच कड कापून टाकतात.

कुतूहल_७
थोडा मूळ मुद्दा. हे ७६०.५८५ वगैरे बघून थेट 'हे अमुक लिपिड' म्हणता येतं का? चित्रांखाली तर छातीठोकपणे नाव लिहिलेलं असतं.

खडूस_क्ष
नाही. या धाग्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. यंत्र आयन दाखवतं, लिपिड नाही. मधला प्रवास तुम्ही करता.

नेहमीचं उदाहरण. पीसी ३४:१ (साखळ्यांत मिळून ३४ कार्बन, १ दुहेरी बंध) तीन रूपांत येतो: प्रोटॉन घेऊन ७६०.५८५, सोडियम घेऊन ७८२.५६७, पोटॅशियम घेऊन ७९८.५४१. आता पीसी ३६:४ प्रोटॉन घेऊन कुठे येतो? ७८२.५६९. फरक ०.००२४. दोन्ही शिखरं वेगळी दिसायला रेझोल्व्हिंग पॉवर (वस्तुमान भागिले सुटणारा फरक) साधारण ३,२५,००० लागते, तीही त्याच वस्तुमानाला.

इथे जाहिरातीतला आकडा फसवतो. ऑर्बिट्रॅपवर (टॉफहून हळू पण जास्त रेझोल्व्हिंग पॉवरचं यंत्र) '२,४०,०००' लिहिलेलं असतं ते एम/झेड २०० ला. ते वस्तुमानाच्या वर्गमुळाने घटतं, ७८२ ला उरतं १,२१,००० च्या आसपास. ५,००,००० वर चालवलं तरी अडीच लाख. म्हणजे तुमच्या '७८२.५७' च्या चित्रात ॲराकिडोनिक आम्लवाला पीसी आणि साध्या पीसीचं सोडियम दोन्ही मिसळलेले.

टॉफप्रेमी
हे सगळं खरं, पण वेळेचाही हिशेब मांडा ना. १० × १० मिमीचा छेद १० मायक्रॉनला म्हणजे दहा लाख पिक्सेल. ऑर्बिट्रॅपला पिक्सेलमागे अर्धा सेकंद धरला तर ५ लाख सेकंद, जवळपास पावणेसहा दिवस. तितक्या वेळात मॅट्रिक्स उडतं, लेसर मंदावतो, कॅलिब्रेशन सरकतं. टॉफ सेकंदाला ५० पिक्सेल करतं, तेच काम साडेपाच तासांत. सहा प्राणी, दोन मोड, म्हणजे बारा छेद. गणित तुम्हीच करा.

खडूस_क्ष
गणित ठीक, पण टॉफच्या ५०,००० च्या रेझोल्व्हिंग पॉवरवर आणखी एक घोळ होतो. पीसी ३४:२ येतो ७५८.५६९ ला. त्यात दोन कार्बन-१३ असलेलं समस्थानिक शिखर ७६०.५७६ ला पडतं, मुख्य शिखराच्या सुमारे १२ टक्के उंचीचं. पीसी ३४:१ पासून फक्त ०.००९ दूर. वेगळं करायला ८५,००० लागतात. जिथे ३४:२ भरपूर आणि ३४:१ कमी, तिथे टॉफच्या चित्रात ३४:१ म्हणून ३४:२ ची सावलीच दिसते.

टॉफप्रेमी
समस्थानिकाचं प्रमाण माहीत असतं, ते वजा करता येतं. शिवाय आयन मोबिलिटी जोडलेलं टॉफ असेल तर अशा काही जोड्या आकारावरून सुटतात. सगळ्या नाही, हे आधीच कबूल करतो, नाहीतर खडूस साहेब पुन्हा येतील.

खडूस_क्ष
आलोच होतो.

अनामिक_आयन
७८२ च्या भांडणावर यंत्र न बदलता उपाय आहे. शंका असलेल्या भागात एमएस/एमएस करा, म्हणजे निवडलेला आयन फोडून त्याचे तुकडे मोजा. प्रोटॉनवाला पीसी फुटला की १८४.०७३ देतो, फॉस्फोकोलीन. सोडियमवाला मुख्यतः ट्रायमिथाइलअमीन टाकतो, ५९ कमी होऊन ७२३.४९ ला दिसतो. या दोन तुकड्यांची चित्रं वेगवेगळी काढली की कोण कुठे ते कळतं. सगळा छेद नको, प्रत्येक थरातला छोटा चौकोन पुरे.

रक्तबिंदू
सोडियम-पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांत फसवा सापळा सांगते. निरोगी पेशीत पोटॅशियम जास्त असतं म्हणून पोटॅशियमवाली शिखरं जोरात येतात. सूज आली, रक्तपुरवठा तुटला, पेशी फुटली की आत सोडियम शिरतं. मग ७९८.५४ चं चित्र जखमेत काळं पडतं आणि ७८२.५७ चं उजळतं. लेखक लिहितो 'जखमेत पीसी ३४:१ कमी झाला'. पीसी तितकाच आहे, बदललेत क्षार.

तिन्ही रूपांची बेरीज करून चित्र काढा, किंवा क्षार धुऊन टाका: ५० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट, थंड, ५ ते १० सेकंद, दोन-तीनदा. फॉस्फोलिपिड जागेवर राहतात, नेगेटिव्ह मोडचा सिग्नल चांगलाच वाढतो. पाण्यात विरघळणारे लहान रेणू मात्र जातात. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी शेजारचा छेद न धुता ठेवावा.

आणि प्राणी सलाइनने परफ्यूज केला असेल (वाहिन्यांतून सलाइन सोडून रक्त धुतलं असेल) तर ते सगळ्या गटांत सारखं करा, सलाइन म्हणजे सोडियमच. परफ्यूजन झालंय की नाही हे चित्रातूनही कळतं: पॉझिटिव्ह मोडला ६१६.१८, हीम. रक्तवाहिन्या लखलखीत दिसतात. नकाशा सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर बसवताना या वाहिन्या खुणा म्हणून छान उपयोगी पडतात.

पेशीवाला
@रक्तबिंदू हे कुठेच इतकं सरळ वाचलं नव्हतं. सल्फाटाइड आणि पीआयसाठी नेगेटिव्ह मोड लागेलच. तिथे तरी सोडियमचा त्रास नाही ना?

रक्तबिंदू
तिथे त्रास कमी. लहान मेंदूत दोन शिखरं आधी शोधा. ८८५.५५, पीआय ३८:४: करड्या भागात जोरात. ८८८.६२, सल्फाटाइड २४:१: मायलिनचं, म्हणून पांढऱ्या भागाची झाडासारखी फांदीरचना स्पष्ट उमटते. ही दोन्ही एकमेकांना पूरक दिसली नाहीत तर पुढचं काही बघू नका, आधी मॅट्रिक्स तपासा. ८८५.५५ च्या एमएस/एमएसमध्ये २४१.०१, २८३.२६ आणि ३०३.२३ आले तर इनोसिटॉल, स्टिअरिक आणि ॲराकिडोनिक तिन्ही सिद्ध.

खडूस_क्ष
त्रास नाही कसा? नेगेटिव्हला वेगळे भुरटे आहेत. डॅनसारख्या मॅट्रिक्सखाली पीसी एक मिथाइल गट टाकून ऋण आयन होतो. पीसी ३४:१ उणे मिथाइल = ७४४.५५५. पीई ३६:१ उणे प्रोटॉन = ७४४.५५५. इथे फरक ०.००२४ नाही, शून्य. अणू तेवढेच, तेच. कोट्यवधीचं एफटी-आयसीआर यंत्र आणलं तरी सुटणार नाही. पुन्हा एमएस/एमएस, किंवा त्याच छेदाशेजारी पॉझिटिव्ह मोडला पीसीचा नकाशा तुलनेला.

तसंच पीएस स्रोतातच सेरीन गमावतो, ८७.०३२ जातात, आणि तो हुबेहूब पीए (फॉस्फॅटिडिक आम्ल) दिसतो. 'पीएचा नकाशा' म्हणून पाहिलेली कित्येक चित्रं पीएसच्या नकाशासारखीच का दिसतात, यात गूढ काही नाही. लेसरची ऊर्जा कमी करून पीए-पीएसचं गुणोत्तर बदलतं का पाहा. बदललं तर तो तुकडा.

मेदवृद्धी
थोडक्यात, पीई म्हणजे कदाचित पीसी, पीए म्हणजे कदाचित पीएस आणि पीसी म्हणजे कदाचित दुसराच पीसी. एवढ्या तोतयेगिरीत रेशनकार्ड तपासणाऱ्यालाही घाम फुटेल. (ह. घ्या.)

कुतूहल_७
मग नावं लिहायची कशी?

अनामिक_आयन
जितकं माहीत तितकंच. फक्त अचूक वस्तुमान असेल तर 'पीसी ३४:१', म्हणजे दोन साखळ्यांत मिळून ३४ कार्बन, एक दुहेरी बंध. एमएस/एमएसमध्ये साखळ्या दिसल्या तर 'पीसी १६:०_१८:१', मध्ये अधोरेषा. तिरकी रेघ फक्त कोणती साखळी ग्लिसेरॉलच्या कोणत्या कार्बनावर हे सिद्ध झाल्यावर. दुहेरी बंध साखळीत नेमका कुठे हे सांगायला ओझोन किंवा पातेर्नो-ब्यूखी अभिक्रियेसारखा वेगळा प्रयोग लागतो.

मोठ्या विदासंचासाठी मेटास्पेस (शिखरांना रेणूंची नावं सुचवणारं ऑनलाइन साधन) वापरा. ते आयनाची रचना, समस्थानिकांचा नमुना आणि त्यांची चित्रं जुळतात का हे पाहून गुण देतं. शक्यच नसलेली ॲडक्ट (रेणूला चिकटलेले सोडियमसारखे आयन) मुद्दाम घालून किती खोटे जुळतात ते मोजतं. १० टक्के एफडीआरची (खोट्या जुळण्यांच्या प्रमाणाची) यादी घेतली तर त्यात दहातलं एक नाव चुकीचं असेल असं धरूनच चालायचं. आणि समघटक वेगळे करणं त्याच्या हातात नाही, वरचा ७४४.५५५ चा गोंधळ ते सोडवणार नाही.

टॉफप्रेमी
अवांतर: सिम्स कुणीच काढलं नाही? आयन किरणाने पृष्ठभाग खरवडून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक १९६२ पासून आहे. माल्डीचं इमेजिंग आलं १९९७ ला, कॅप्रिओली यांच्या गटाकडून. मायक्रॉनच्या खाली जायचं तर सिम्सच.

खडूस_क्ष
जायचं कुठे पण? सिम्समध्ये रेणू फुटतात. पीसीच्या सगळ्या जातींचा मिळून एकच १८४.०७ दिसतो. कोलेस्टेरॉल ३६९.३५ ला चांगला दिसतो, तो त्याचा खरा गुण. नॅनोसिम्स ५० नॅनोमीटरपर्यंत जातं, पण तिथे अणू आणि लहान तुकडेच मोजता येतात. म्हणून लिपिडला आधी नायट्रोजन-१५ किंवा कार्बन-१३ चं लेबल लावायचं. लेबल नको म्हणून तर @पेशीवाला इकडे आले.

डेसी राहिलं. २००४ चं तंत्र, मॅट्रिक्स नाही, मिथेनॉल-पाण्याचा भारित फवारा, निर्वातही नको. थरांच्या प्राथमिक नकाशाला मस्त. पेशीला नाही.

अनामिक_आयन
माल्डीही थांबलेलं नाही. २०१५ साली माल्डी-२ आलं: पहिल्या लेसरने उडालेल्या ढगावर दुसरा लेसर मारायचा. पीई, कोलेस्टेरॉल, हेक्सोसिलसेरामाइड असे एरवी पीसीच्या गर्दीत दबणारे लिपिड कितीतरी पटींनी वर येतात. २०१७ ला वातावरणीय दाबाच्या माल्डीने १.४ मायक्रॉन गाठलं. २०१९ ला काचेच्या मागून लेसर टाकून त्याहून खाली गेले.

पण पिक्सेलच्या क्षेत्रफळाकडे बघा. ५० वरून ५ वर आलात की दर पिक्सेलला नमुना शंभरपट कमी. द्विस्तराच्या एका चौरस मायक्रॉनमध्ये साधारण ५० लाख लिपिड रेणू. त्यातलं ०.१ टक्क्याचं लिपिड म्हणजे ५ हजार, आणि त्यातले बहुसंख्य आयन न होताच जाणार. दुर्मीळ लिपिडचा एक मायक्रॉनचा नकाशा कुणी दाखवला तर आधी कच्चा स्पेक्ट्रम मागा.

पेशीवाला
बरं, काचेवरच्या पेशींचं काय? तिथे निदान जाडीचा प्रश्न नाही.

गोठणबिंदू
तिथे मुख्य शत्रू पीबीएस, म्हणजे पेशी धुण्याचं नेहमीचं खारट फॉस्फेट द्रावण. शेवटचं धुणं १५० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेटने करा. पेशी फुगत नाहीत आणि वाळवताना क्षार उडून जातो. पीबीएसने धुऊन वाळवलं तर मिठाचे स्फटिक पेशीपेक्षा मोठे दिसतात. पेशी विरळ पेरा, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा हिशेब वेगळा करता येत नाही. पॅराफॉर्मल्डिहाइड वापरलंत तर पीसीचं फार बिघडत नाही, पीई-पीएसवर विसंबू नका.

क्रम असा: काचेवर हिऱ्याच्या पेनाने खुणा, वाळवणं, सूक्ष्मदर्शकाचं चित्र, मॅट्रिक्स, माल्डी, आणि मॅट्रिक्स धुण्याआधी पुन्हा सूक्ष्मदर्शक. त्या शेवटच्या चित्रात लेसरचे खड्डे दिसतात. कोणता खड्डा कोणत्या पेशीवर किती टक्के पडला ते मोजूनच पिक्सेलचा सिग्नल पेशींना वाटायचा. २०२१ ची स्पेसएम पद्धत याच कल्पनेवर चालतं. मार्कर पेनने खुणा करू नका, शाई लिपिडपेक्षा छान उडते.

रक्तबिंदू
संख्याशास्त्रावर कुणी बोललं नाही म्हणून. तीन उंदरांचे मिळून तीस लाख पिक्सेल झाले तरी एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीनच. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे असतात, त्यांना स्वतंत्र धरून काढलेली पी-व्हॅल्यू दहाच्या उणे चाळीसाव्या घातापर्यंत जाते आणि तिला काही अर्थ नसतो. प्रत्येक उंदराच्या प्रत्येक थराची एक सरासरी काढा, तुलना त्यांची.

नियंत्रण आणि प्रयोग दोन्ही गटांचे छेद एकाच काचेवर ठेवा, क्रम चिठ्ठ्या टाकून. टीआयसीने (पिक्सेलमधल्या एकूण आयन सिग्नलने) नॉर्मलाइज करताना सावध: एकूण सिग्नलमध्ये मॅट्रिक्सचाच वाटा मोठा असेल तर तुम्ही लिपिडला मॅट्रिक्सने भागताय. त्यापेक्षा मॅट्रिक्सच्या आधी ड्यूटेरियमवाली प्रमाणित लिपिड एकसारखी फवारा, दर वर्गाला एक, आणि पीसीला पीसीच्या प्रमाणिताने भागा, पीआयला पीआयच्या. पीसीच्या प्रमाणिताने पीआय मोजणं म्हणजे शुद्ध अंदाज.

पेशीवाला
सगळं वाचून बेत असा: ताजे मेंदू, फॉइलवर गोठवणं, १० मायक्रॉनचे छेद. आधी नेगेटिव्ह मोडला डॅन संप्लवन करून सगळ्या लहान मेंदूचा ५ मायक्रॉनला नकाशा. मग पॉझिटिव्ह. चालेल?

टॉफप्रेमी
सगळ्या लहान मेंदूचा ५ ला? निवृत्तीनंतर हातात पडेल. आधी ५० मायक्रॉनला अख्खा छेद, तासाभरात. त्यात ८८५ आणि ८८८ ची जोडी बरोबर आली, कडेबाहेर काही सांडलं नाही, की त्याच काचेवरच्या शेजारच्या छेदात एका फॉलियाचा (लहान मेंदूच्या घडीचा) १ × १ मिमी तुकडा १० ला. तिथे पर्किंजेची ओळ वेगळी दिसली तरच ५.

खडूस_क्ष
+१. आणि कॅलिब्रेशन मॅट्रिक्सच्याच शिखरावर बांधा. पॉझिटिव्हला डीएचबी असेल तर २७३.०३९ दर पिक्सेलला मिळतं. वस्तुमानाची चूक ३ पीपीएमच्या वर गेली तर मेटास्पेसची यादी फुगते आणि त्यातली अर्धी नावं पाहुणी असतात.

दुपारचा_चहा
माल्डीनंतर छेद टाकू नका. ७० टक्के इथेनॉलमध्ये मॅट्रिक्स धुतलं की त्याच छेदावर हिमॅटॉक्सिलिन-इओसिन होतं. थरांच्या सीमा त्यावर आखा, लिपिडच्या चित्रावर नाही. लिपिडच्या चित्रावर सीमा आखून 'या थरात हे लिपिड जास्त' म्हणणं म्हणजे उत्तर बघून प्रश्न काढणं.

मेदवृद्धी
एक प्रश्न. चरबीचे थेंब, म्हणजे ट्रायग्लिसराइड, यात कुठेच आले नाहीत. आयडीची लाज राखा.

अनामिक_आयन
ट्रायग्लिसराइडला भार धरायला सोयीची जागा नाही, पीसी शेजारी असला की ते दबतं. डीएचबीत सोडियम ॲसिटेट मिसळून सोडियमवालं रूप वाढवता येतं. कोलेस्टेरॉलला चांदी: छेदावर चांदीचा बारीक थर किंवा सिल्व्हर नायट्रेटचा फवारा, मग ४९३.२६ आणि ४९५.२६ अशी जवळपास सारख्या उंचीची जोडी येते, कारण चांदीचे दोन समस्थानिक जवळपास निम्मे-निम्मे. जोडी दिसली नाही तर ते कोलेस्टेरॉल नाही.

कुतूहल_७
वाचनखूण साठवली. विदा दुसऱ्याला पाठवायचा तर कोणत्या स्वरूपात?

टॉफप्रेमी
इमझेडएमएल. लक्षात ठेवा, त्या दोन फाइली असतात: एक छोटी .इमझेडएमएल, तिच्यात जागेची माहिती, आणि एक अवाढव्य .आयबीडी, तिच्यात खरे आकडे. दोघींत एकच ओळखक्रमांक असतो, तो जुळला नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. पहिली ईमेलने पाठवून 'विदा पाठवला' म्हणणारे बरेच आहेत.